कापूस यवतमाळचा, शिलाई परदेशात: कारखाने दूर का जातात?

दिवाळीनंतर पांढरकवडा, घाटंजी, वणीच्या रस्त्यांवर कापसाच्या गाड्यांच्या रांगा लागतात. जिनिंगमध्ये सरकी वेगळी होते, रुईच्या 170 किलोच्या गाठी बांधल्या जातात आणि ट्रकने जिल्ह्याबाहेर जातात. पुढचे सूत, कापड, शिलाई बहुतेक दुसरीकडेच होते. यवतमाळजवळ लोहारा येथे रेमंडचा डेनिमचा कारखाना आहे, पण तो अपवाद. भारतातून बाहेर जाणाऱ्या रुईचे मोठे गिऱ्हाईक बांगलादेश आहे. तिथे कापूस जवळजवळ पिकत नाही, तरी शर्ट तिथे शिवला जातो.

असे का, हे विचारले की ठरलेले उत्तर मिळते: आपल्याकडे मजूर महाग आणि कामगार कायदे कडक. आपल्या तरुणांनी हे उत्तर तपासून घ्यावे, कारण त्याचा भार शेवटी त्यांच्याच अंगावर पडतो.

मजुरीचा फरक खोटा नाही. बांगलादेशात डिसेंबर 2023 पासून शिलाई कामगाराचे किमान वेतन महिना 12,500 टका, म्हणजे 9,000 रुपयांच्या आसपास आहे. शिलाईत हाताचे काम जास्त, म्हणून तिथे हा फरक जाणवतो. सूतगिरणीचे गणित मात्र वेगळे. तिच्या खर्चात निम्म्याहून अधिक वाटा कापसाचा, त्यानंतर मोठा खर्च विजेचा. आता गंमत पाहा, वणीच्या खाणींतला कोळसा वीज बनवायला जातो आणि त्याच जिल्ह्यातल्या कारखानदाराला वीज महाग पडते. घरगुती आणि शेतीच्या सवलतीचा बोजा उद्योगांच्या दरात टाकला जातो, हे त्यामागचे एक मोठे कारण. सवलत चूक आहे असे आम्ही म्हणत नाही, पण तिचा पैसा कुठून येतो हे माहीत असावे.

मग जकात. बांगलादेश अल्पविकसित देशांच्या यादीत असल्याने त्याचे कपडे युरोपात विनाजकात जातात. भारतीय कपड्यांवर आजवर साधारण 9 ते 12 टक्के जकात लागत आली. या धंद्यात नफा मुळात थोडा, त्यामुळे एवढा फरक ऑर्डर फिरवायला पुरतो. त्याचा मजुराच्या आळसाशी काडीचाही संबंध नाही.

आणि वाहतूक. यवतमाळहून न्हावा-शेवा बंदर सुमारे 700 किलोमीटर. इंग्रजांना इथला कापूस न्यायचा होता तेव्हा यवतमाळ ते मूर्तिजापूर शकुंतला रेल्वे धावली. ती आज बंद आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाचा वर्धा ते कळंब हा टप्पा फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाला.

या सगळ्या खर्चांत एकच खर्च असा आहे, जो मालक आणि सरकार लवकर कमी करू शकतात: माणसाचा. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने कापसावरची 11 टक्के आयात जकात वर्षअखेरपर्यंत उठवली. गिरण्यांचा कच्चा माल स्वस्त झाला, झळ आमच्या शेतकऱ्याच्या भावाला लागली. सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातली दिवसाची मर्यादा 9 वरून 12 तास करायला मंजुरी दिली. नोव्हेंबरमध्ये नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. आता 300 पेक्षा कमी कामगारांच्या कारखान्याला कपातीसाठी सरकारची परवानगी लागत नाही. यातले काहीही न्हावा-शेवा जवळ आणत नाही.

स्वस्ताईची हद्द बांगलादेशाने पाहिली आहे. 24 एप्रिल 2013 रोजी ढाक्याजवळची राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि 1,100 हून अधिक माणसे गेली. भिंतींना तडे आदल्या दिवशीच दिसले होते, तरी कामगारांना आत बोलावले गेले.

आम्ही कारखान्यांच्या विरोधात नाही. शेतीवरचा माणसांचा भार उद्योगांनीच हलका होईल, असे बाबासाहेबांनी 1918 मध्ये लहान शेतजमिनींवरच्या निबंधात मांडले होते. पुढे 1946 मध्ये मजूर मंत्री म्हणून कारखान्यांतले आठवड्याचे तास 54 वरून 48 वर आणणारे विधेयकही त्यांनीच आणले. ही दोन्ही कामे एकाच माणसाची आहेत. पुढच्या वेळी एमआयडीसीच्या सभेत कुणी “मजुरी कमी करा, कारखाने येतील” म्हणाले, तर त्याला आधी युनिटचा दर आणि गाठीचे भाडे विचारा.