पुरे म्हणजे नेमकं किती?

कपाट आवरणं सध्या एकदम ‘इन’ आहे. पण घरात वस्तू किती असाव्यात, याचं उत्तर कपाटात सापडत नाही. ते सापडतं लातूरच्या ड्रममध्ये आणि नांदेडच्या पंगतीत!

‘मी ना, सध्या मिनिमलिस्ट झालोय,’ असं सांगणारा एक तरी जण तुमच्या ऑफिसात असणारच. चार शर्ट, दोन जीन्स, एक लॅपटॉप. घरात सोफा नाही, भिंतीवर घड्याळ नाही. या फंड्याची मोठी लाट आणली जपानच्या मारी कोन्डोनं. तिचं पुस्तक तिकडे २०११ मध्ये आलं, २०१९ मध्ये नेटफ्लिक्सवर शो आला आणि आपणही एकेक टी-शर्ट हातात धरून ‘याच्यामुळे मला आनंद होतो का?’ असं स्वतःला विचारायला लागलो.

प्रश्न झकास आहे. फक्त माझ्या लातूरच्या घरी तो चालत नाही. प्लास्टिकच्या निळ्या ड्रमकडे बघून कुणाला आनंद होणार, सांगा?

ड्रमचं गणित

आमच्याकडे गच्चीवर टाकी आहे, अंगणात हौद आहे, न्हाणीत दोन ड्रम आहेत. शिवाय हंडे, घागरी, कळश्या आणि तेलाच्या रिकाम्या डब्यांची अख्खी रांग. पुण्याहून गेलं की हा सगळा पसारा वाटतो. यातलं काही काढू या का, असं विचारलं की आईचं ठरलेलं उत्तर येतं, “राहू दे गं, लागतंय की कधीतरी.”

हे ‘कधीतरी’ २०१६ मध्ये आलं होतं. मांजरा धरण आटलं. मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागू करावी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून, जवळपास साडेतीनशे किलोमीटरवरून, पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला १० वाघिणी आणि ५ लाख लिटर पाणी, पुढे ५० वाघिणी आणि २५ लाख लिटर. आकडा मोठा वाटतो ना? २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या पावणेचार लाखांच्या वर होती. भागाकार करून बघा. माणशी साधारण साडेसहा लिटर! शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी लागतं, असं आपल्याकडचं सरकारी प्रमाण सांगतं. जुन्या पद्धतीचा एक फ्लशच साडेसहा लिटरपेक्षा जास्त पाणी पितो. बाकीची सगळी भिस्त टँकरवर आणि बोअरवर.

आता गंमत बघा. त्या वर्षी पाणी कमी झालं, पण घरातल्या वस्तू वाढल्या. ज्याला त्याला आणखी एक ड्रम हवा होता. म्हणजे माणूस साठवतो तो दर वेळी हावरट असतो म्हणून नाही. नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नसतो, म्हणूनही साठवतो.

एक कॉट, एक पेटी

त्याच लातुरात दुसरं टोकही आहे. ‘लातूर पॅटर्न’साठी गावोगावहून आलेली मुलं-मुली बघा. नांदेडच्या क्लासेसच्या भागातही हेच चित्र. एक कॉट, एक टेबल, एक पेटी आणि पुस्तकांचा ढीग. ना गॅस, ना फ्रिज. दोन वर्षं मजेत निघतात. कशी? कारण खानावळीचा डबा वेळेवर येतो आणि गावाकडचं घर मागे उभं असतं. त्यांची पेटी लहान असते, कारण बाकीचं ओझं दुसऱ्या कुणीतरी उचललेलं असतं.

मी मास कॉम केलं ते नांदेडला, स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठात. तिथल्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात देशभरातून यात्रेकरू येतात, कारण गुरू गोविंदसिंगांचं अखेरचं वास्तव्य इथलं. १७०८ मध्ये ते इथेच ज्योतीज्योत समावले. लंगरमध्ये तुम्ही थाळी घेता, पंगतीत बसता, जेवता आणि थाळी परत देता. ती थाळी कुणा एकाची नसते. उद्याही इथे जेवण असणार, ही खात्री असली की डबा भरून न्यायची गरज वाटत नाही. मिनिमलिझमचा याहून सोपा क्लास शोधून सापडणार नाही!

ठरवणार कोण?

‘पुरेसं’ म्हणजे किती, हे कधीकधी दुसराच ठरवतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसं गेली. जाड दगडी भिंती आणि डोक्यावर मातीचं माळवद. उन्हाळ्यात घर गार ठेवणाऱ्या त्याच मातीच्या वजनाखाली माणसं गाडली गेली. नंतर ५२ गावं नव्या जागी वसली. घरं मिळाली ती जमीन किती होती त्यावरून : २५०, ४०० किंवा ७५० चौरस फूट. छप्पर मिळणं मोठीच गोष्ट होती. पण गुरं कुठे बांधायची, कडबा कुठे रचायचा, हे त्या चौकटीत बसेना. म्हणून लोकांनी घराला जोडून आपापल्या शेड उभ्या केल्या. कागदावरचं ‘पुरेसं’ आणि जगण्यातलं ‘पुरेसं’ यांत गोठ्याएवढं तरी अंतर असतं.

आपलं काय? आपल्या किचनचे कप्पे रिकामे राहू शकतात, कारण दहा मिनिटांत दूध आणून देणारं अ‍ॅप आहे. म्हणजे आपला रिकामा कप्पा हे कुणाचं तरी भरलेलं गोदाम आणि कुणाची तरी धावपळ असते. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला, तेव्हा किराणा दुकानासमोरच्या रांगेत हे आपल्याला बरोबर कळलं होतं. तरीही कमी वस्तूंत राहावं, मोकळं वाटतं. फक्त ही मोकळीक कुणाच्या जिवावर आहे, ते माहीत असावं.

आवरायला घेण्याआधी...

• ही वस्तू उद्या लागली तर तासाभरात, परवडेल अशी, कुठे मिळेल? उत्तर सापडलं, तर बिनधास्त काढा.

• साठा आणि पसारा यांत गल्लत नको. आठवड्याचं धान्य, औषधं, पिण्याचं पाणी हा साठा. सातवा कॉफी मग हा पसारा.

• ड्रिल मशिन, शिडी, मोठं पातेलं सोसायटीत मिळून एकच घ्या. लंगरच्या थाळीसारखं.

• दुसऱ्याचं कपाट आवरू नका. गावाकडच्या घरातला ड्रम काढायचाच असेल, तर आधी फोन करून विचारा, नळाला पाणी कितव्या दिवशी येतं.