अक्षरांवरचे कुलूप

परवा वतन जमिनीच्या एका जुन्या दाव्यातली कैफियत मी संगणकावर उघडली. पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी! ज्या मराठी सॉफ्टवेअरमध्ये ती लिहिली, ते डोंगल लावल्याशिवाय चालत नसे. डोंगल जुन्या संगणकाबरोबर भंगारात गेले. कैफियत माझी, जमीन पक्षकाराची, किल्ली मात्र कंपनीची.

त्या फॉन्टमध्ये ‘क’ हा ‘क’ नसतोच. इंग्रजी अक्षराच्या क्रमांकावर ‘क’चे चित्र बसवलेले असते. प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. युनिकोडमध्ये ‘क’ला जगभर एकच क्रमांक आहे. १९९१ पासून देवनागरी त्यात आहे. २००९ मध्ये केंद्र सरकारने ई-शासनासाठी तेच मानक ठरवले.

आमच्या वाईत मराठी विश्वकोशाचे कार्यालय आहे. त्याचे जाडजूड खंड युनिकोडमध्ये आले, म्हणून आज खेड्यातले पोरही मोबाइलवर नोंद शोधते. आणि आपल्या चळवळीची पत्रके, ठराव, स्मरणिका? त्या फायली कुठल्याशा छापखान्याच्या बंद संगणकात पडून आहेत.

कंपन्यांनी छपाई सोपी केली, हे मी नाकारत नाही. आपली कित्येक नियतकालिके त्याच फॉन्टांवर निघाली. पण धंदा फॉन्टच्या वळणाचा करावा, अक्षराच्या क्रमांकाचा का?

रूपांतराची साधने आहेत. मात्र रफार आणि जोडाक्षरे चुकतात, दोघांनी बसून ताळा करावा लागतो. विहारांच्या कपाटांतल्या सीडी आधी बाहेर काढा. मी माझी कैफियत छापील प्रतीवरून पुन्हा टाइप करायला घेतली आहे.