पांढरी भिंत, निळी भिंत

घराच्या आतील भिंतीला पांढरा चुना द्यावा की गडद निळा तेलरंग, हा प्रश्न वरकरणी केवळ आवडीनिवडीचा वाटतो. गोंदिया जिल्ह्यातील नव्या घरकुलांच्या बाबतीत मात्र तो जमाखर्चाचाही आहे. 2016 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागात घराचे किमान क्षेत्रफळ 25 चौरस मीटर ठरविण्यात आले. एवढ्याच जागेत स्वयंपाक, मुलांचा अभ्यास आणि काही घरांत विड्या वळण्याचे कामही चालते.

पांढरी भिंत तिच्यावर पडलेल्या उजेडापैकी सुमारे 80 टक्के उजेड परत फेकते. गडद निळी जेमतेम 10 टक्के. परतलेला उजेड समोरच्या भिंतीवरून पुन्हा परततो आणि अशा येरझारांतूनच लहानशा खिडकीचा प्रकाश कोपऱ्यापर्यंत पोचतो. गडद खोलीत हा व्यवहार पहिल्याच फेरीत आटोपतो. मग तेंदूचे पान मापाबरहुकूम कापणाऱ्या स्त्रीला दाराशी बसावे लागते, नाहीतर भर दुपारी दिवा लावावा लागतो. रंगाच्या खर्चात या दिव्याचे बिल कोणी धरीत नाही.

तरीही निळ्याची बाजू अगदीच लंगडी नाही. धूर, तेलकट हात आणि मुलांच्या रेघोट्या त्यावर लपतात व ओल्या फडक्याने पुसल्याही जातात. चुना अंगाला लागतो, शिवाय तो वरचेवर नव्याने द्यावा लागतो. आणि हे श्रम बहुधा घरातील स्त्रियांच्याच वाट्याला येतात. परंतु धानाच्या या मुलखात पावसाळ्यात भिंती ओल धरतात. चुना ती ओल बाहेर पडू देतो आणि बुरशीलाही सहसा थारा देत नाही. तेलरंगाखाली ओल कोंडली की पापुद्रे सुटतात. जुन्या तेलरंगात शिसे असण्याचाही संभव असतो. घरगुती रंगांत ते दशलक्ष भागांत 90 भागांहून अधिक नसावे, हा नियम 1 नोव्हेंबर 2017 पासूनचा आहे.

आतून पांढरा रंग दिल्याने खोली थंड राहते, ही समजूत मात्र फारशी खरी नाही. ऊन अडते ते छताच्या आणि बाहेरच्या भिंतींच्या पांढरेपणाने.

शाळा आणि कचेऱ्यांनी या वादावर केव्हाच तोड काढली आहे: खाली गडद पट्टा, वर पांढरा रंग. घरकुलात माणसे जमिनीवर बसून काम करतात, म्हणून तेथे हा पट्टा वीतभर उंचीचाच पुरे. निळ्याची हौस उरलीच, तर चुन्यात थोडी नीळ मिसळता येते.