चार इंचाचा पाइल आणि तुमचा धंदा

"सर, मशीन लहान, भांडवल लहान. मोठ्या कंपन्यांपुढे आम्ही टिकणार कसे?" हा प्रश्न तुम्ही नेहमी विचारता. आज उत्तर जमिनीखाली शोधू.

साल 1952, इटली. महायुद्धात खिळखिळ्या झालेल्या जुन्या इमारतींचा पाया सावरायचा होता. मोठं यंत्र आत शिरेना, आणि हादरे दिले तर भिंतीच धोक्यात. लोखंडाची टंचाई, माणूसबळ मात्र भरपूर. या अडचणीतूनच फोंडेडिले या ठेकेदार कंपनीच्या फर्नांडो लिझ्झी यांनी झाडाच्या मुळासारखा बारीक पाइल काढला. आज आपण त्याला मायक्रोपाइल म्हणतो.

पद्धत काय? साधारण 300 मि.मी.पेक्षा कमी व्यासाचं भोक ड्रिल करायचं, त्यात सळई किंवा पाइप सोडायचा आणि सिमेंटचं ग्राउट भरायचं. छोटं मशीन तळघरातही चालतं. भार मुख्यतः टोकावर नाही, तर ग्राउट आणि मातीच्या पकडीवर पेलला जातो. तिरक्या पाइलचं जाळं विणलं की उतारावरची मातीही धरून ठेवता येते.

आता यातले धंद्याचे धडे बघा.

1. बोलू नका, दाखवा. 100 मि.मी.चा पाइल त्या काळच्या हिशोबाने 10 टनही पेलणार नव्हता. लोड टेस्टमध्ये त्याने 40 टनांच्या वर भार घेतला! पाइल लहान, म्हणून टेस्टचा खर्चही कमी. त्यामुळे भरपूर टेस्ट झाल्या, आकडे छापले गेले, विश्वास बसला.

2. जबाबदारी घ्या. डिझाइन आणि काम, दोन्ही बहुधा एकाच तज्ज्ञ ठेकेदाराकडे असायचं. गिऱ्हाईक मीटरचा दर नाही, निर्धास्त झोप विकत घेतं.

3. आपला हिशोब आपण करा. अमेरिकेत गणित वेगळं होतं. तिथे हे तंत्र 1973 मध्ये पोचलं, पण जम बसायला वेळ लागला. दुसऱ्याचा धंदा जसाच्या तसा उचलू नका.

आणि हो, मर्यादाही सांगा. बारीक पाइल आडवा भार कमी पेलतो, अगदी मऊ चिखलात वाकू शकतो. इंजिनिअरच्या डिझाइनशिवाय हात घालू नका. भेगाळ खडकात ग्राउट अंदाजापेक्षा जास्त जातं. जादा ग्राउटचा दर कोटेशनमध्ये आधीच लिहा, नाहीतर तुमचा नफा अक्षरशः जमिनीत जाईल.

आजचा गृहपाठ: तुमच्या मालाची किंवा कामाची अशी एक स्वस्त टेस्ट शोधा, जी गिऱ्हाइकासमोर करून दाखवता येईल. याच आठवड्यात करा. भेटू पुढच्या भागात!