नगरमध्ये ब्रेड मिळेल, पण गव्हाशिवाय?

तुमची रोजची सकाळ जरा डोळ्यांसमोर आणा. टोस्टरमधून टुणकन उडालेले दोन स्लाइस, वर बटर, एका हातात कॉफीचा मग, दुसऱ्या हातात मोबाइल. आता यातून ब्रेड काढून टाका. मग कँटीनमधला समोसा काढा, चार वाजताचा वडापाव काढा, बॉसच्या बर्थडेचा केक काढा, फ्रायडे नाइटचा पिझ्झा काढा आणि हो, त्याबरोबरची बिअरही. उरलं काय? कॉफी!

सिलिअ‍ॅक डिसीज असलेल्या माणसाचा दिवस हा असा असतो. गेली दोन वर्षं मी तो जगतेय. हा डाएटचा फंडा नाही. गव्हात, सातूमध्ये आणि राय नावाच्या धान्यात ग्लुटेन हे प्रथिन असतं. सिलिअ‍ॅकमध्ये ते पोटात गेलं की शरीराची संरक्षण यंत्रणा बिथरते आणि आपल्याच लहान आतड्याच्या अस्तरावर तुटून पडते. अन्नातलं सत्त्व शोषून घेणारी तिथली इवलीशी, बोटांसारखी टोकं झिजून सपाट होतात. मग तुम्ही पालक खा, खजूर खा, लोहाच्या गोळ्या खा, अंगी काही लागत नाही. माझं हिमोग्लोबिन चार वर्षं नऊच्या वर सरकायला तयार नव्हतं. ‘डेडलाइनचं टेन्शन’, ‘डाएटिंग करत असशील’, ‘लग्न कर, सगळं ठीक होईल’ असे सगळे सल्ले ऐकून झाल्यावर एका डॉक्टरीणबाईंनी रक्ताची टीटीजी-आयजीए टेस्ट सांगितली, मग एंडोस्कोपी झाली आणि नाव कळलं. औषध? काहीच नाही. गहू बंद, तोही जन्मभर, आणि ‘एक घास खाऊन काय होतंय’ला वाव नाही.

या दुखण्याचा गुन्हेगार गहू आहे हे ओळखलं ते नेदरलँड्समधल्या विलेम डिके या बालरोगतज्ज्ञानं. त्याला आधीपासून संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, महायुद्धामुळे तिकडे ब्रेड दिसेनासा झाला तेव्हा बाकीचा देश उपाशी होता, पण ही आजारी मुलं सुधारू लागली. ब्रेड परत आला आणि मुलं पुन्हा आजारी पडली. १९५० मध्ये त्यानं यावर प्रबंध लिहिला. म्हणजे ज्याला आपण हल्लीचं फॅड समजतो, त्याला पाऊणशे वर्षं होऊन गेली.

‘शुगर-फ्री आहे ना, मॅडम!’

माझं घर नगरला, सावेडीत. (२०२४ पासून अधिकृत नाव अहिल्यानगर. पण माझ्या आजीपासून रिक्षावाल्या काकांपर्यंत सगळे अजून नगरच म्हणतात, त्यामुळे इथंही तेच.) फ्रीलान्सिंग सुरू केल्यापासून मी बराच काळ इथूनच काम करते. तेव्हा ब्रेडचा शोधही इथूनच सुरू झाला.

पहिली बेकरी. ‘ग्लुटेन-फ्री ब्रेड आहे का?’ ‘शुगर-फ्री आहे ना, मॅडम!’ दुसरी बेकरी. ‘ब्राउन घेऊन जा, एकदम हेल्दी.’ तिसरीकडे मी धीर करून बेगल विचारलं, तर काउंटरवरच्या मुलानं मला समोरचं बॅगांचं दुकान दाखवलं. त्याचा काही दोष नाही. बेगल हा मूळचा पोलंडमधल्या ज्यू समाजाचा, कडं असावं तसा गोल पाव. भाजण्याआधी तो उकळत्या पाण्यातून काढतात. त्याचा तो चिवटपणा, दातांना होणारी ओढाताण, सगळी ग्लुटेनची करामत. तेव्हा ग्लुटेन-फ्री बेगल म्हणजे बिनसाखरेचा पाक! पुण्या-मुंबईतून कुरिअरनं मागवून बघितलेले दोन्ही प्रकार मला मधे भोक असलेले बन वाटले. एकदा खाल्ले, हौस फिटली.

सुपरमार्केटमध्ये मात्र खरी परीक्षा असते. तिथं ‘नाचणी ब्रेड’ असतो, ‘मल्टिग्रेन’ असतो, ज्वारीचं कणीस छापलेली बिस्किटं असतात. पुडा उलटा करा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहायचे असा नियम आहे. बहुतेक ठिकाणी पहिलं नाव मैद्याचं किंवा गव्हाच्या पिठाचं, आणि बिचारी नाचणी मागे कुठेतरी मिठाच्या शेजारी. एफएसएसएआयच्या नियमानुसार ग्लुटेन-फ्री म्हणायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. हे किती कमी आहे? किलोभर ज्वारीच्या पिठात चिमूटभर कणीक पडली तरी ते पीठ बाद.

इसबगोलाची कमाल

मग राहिला ऑनलाइन ब्रेड. पहिला पुडा आला तेव्हा मी तो देवघरासमोर ठेवायची बाकी होते. कापायला घेतला आणि त्याचा भुगा झाला.

याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. यीस्ट साखर खाऊन वायू सोडतं. गव्हाच्या पिठात ग्लुटेनचं लवचीक जाळं असतं, ते हा वायू फुग्यासारखा धरून ठेवतं आणि ब्रेड फुगतो. तांदळाच्या पिठात असं जाळंच नाही. मग कंपन्या झँथन गम घालतात, बटाट्याचा, टॅपिओकाचा स्टार्च घालतात आणि सगळ्यात छान युक्ती म्हणजे इसबगोल! हो, तोच, जो आजोबा रात्री पाण्यातून घेतात. इसबगोल पाणी पिऊन बुळबुळीत होतो आणि पिठाला धरून ठेवतो. जगात सगळ्यात जास्त इसबगोल भारतात होतो, गुजरातेतलं उंझा ही त्याची मोठी पेठ. म्हणजे परदेशातल्या पॉश बेकरीतला ग्लुटेन-फ्री लोफ बऱ्याचदा आपल्याच इसबगोलाच्या जिवावर उभा असतो.

तेव्हापासून मी ब्रेड मागवताना घटकांत इसबगोल शोधते. तो असेल आणि जोडीला ज्वारी, कुट्टू किंवा राजगिरा असेल, तर ब्रेड बरा निघतो, चवीला आणि पोटालाही. नुसता तांदूळ आणि स्टार्च असेल तर तो दिसायला पांढराशुभ्र, खायला थर्माकोल, आणि त्यात फायबर नावालाच. आला की लगेच फ्रीझरमध्ये टाकायचा (साध्या फ्रिजमध्ये तो आणखी लवकर कडक होतो), स्लाइस गोठलेलेच टोस्टरमध्ये घालायचे. टोस्टर मात्र वेगळा हवा. घरच्यांच्या ब्रेडचे कण ज्यात पडलेत त्यात तुमचा चारशे रुपयांचा ब्रेड घालण्यात काही अर्थ नाही. आणि हो, चारशे. साध्या ब्रेडच्या आठपट पैसे मोजून महिन्याला चार पुडे हे माझ्या फ्रीलान्स बजेटला परवडत नाही. आता महिन्याला एकच येतो, रविवारच्या सँडविचसाठी.

सोवळ्यातली भाकरी

आता तुम्ही म्हणाल, अगं, नगरमध्ये बसून ब्रेड काय शोधतेस? भाकरी खा की! बरोबर आहे. हा जिल्हाच बाजरी-ज्वारीचा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं ज्वारीचे फुले वसुधा, फुले रेवती असे वाण दिले, लाह्यांसाठी फुले पंचमी हा वेगळा वाणसुद्धा दिला. तिकडे अकोल्यात नाचणी, वरई आणि भात. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणी जपली म्हणून त्यांना पद्मश्री मिळाली. ग्लुटेन-फ्री धान्यांची अशी श्रीमंती असताना ज्वारीचा धड ब्रेड मात्र मला इथल्या एकाही दुकानात दिसला नाही. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं, तेव्हा पोस्टर भरपूर लागली होती.

पण भाकरीतही मेख आहे. पीठ येतं गिरणीतून, आणि गिरणीच्या त्याच दगडावर आधी कुणाचा तरी गहू दळलेला असतो. ‘पहिल्या नंबरला दळून द्या’ म्हटलं तरी आदल्या रात्रीचं पीठ जात्याच्या पाळीत बसलेलं असतंच. म्हणून आम्ही घरघंटी घेतली. बाबांनी तिच्यावर मार्करनं लिहून ठेवलंय, ‘गहू घालणाऱ्यास घराबाहेर काढण्यात येईल.’ (डबीतला हिंगसुद्धा बघून घ्या. तो नुसता हिंग नसतो, त्यात पीठ मिसळलेलं असतं आणि बऱ्याचदा ते गव्हाचंच. थालीपीठाच्या भाजणीतही गहू असतो. माझी आवडती शिपी आमटी हिंगापायी सहा महिने बंद होती.)

पीठ झालं, पण भाकरी थापायची कुणी? आईचा हात दुखतो, माझ्या भाकरीला भूगोलाचे नकाशे येतात. ग्लुटेन नाही म्हणजे पिठाला चिकाटी नाही, ती गरम पाण्यानं आणि मळण्यानं आणावी लागते आणि हे व्हिडिओ बघून येत नाही. आमच्या कोपऱ्यावर पोळी-भाजी केंद्र आहे. तिथं भाकरी मिळते, पण त्याच तव्यावर, त्याच ओट्यावर, चहूकडे कणीक उडत असताना. एक दिवस मी तिथल्या ताईंना सगळं समजावलं. आतडं, अस्तर, २० मिलिग्रॅम, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘म्हणजे सोवळ्यात करायची?’

दोन वर्षांत माझा आजार इतक्या थोडक्यात कुणी समजून घेतला नव्हता.

आता व्यवस्था अशी आहे. पीठ माझ्या घरघंटीचं. परात आणि तवा वेगळा, ते शेल्फवर पिशवीत बांधलेले. सकाळी सहाला, पोळ्यांची कणीक भिजवायच्या आधी माझ्या दहा भाकऱ्या. पीठ माझं म्हणून भाकरीमागे दहा रुपये. दोन ताज्या, बाकीच्या मंद तव्यावर कडक करून डब्यात. कडक भाकरीवर लोणी आणि लसणाची चटणी लावून लॅपटॉपसमोर बसा, टोस्टची आठवण येत नाही असं मी म्हणणार नाही, पण आठवण कमी येते. मागच्या महिन्यात ताईंकडे आणखी एक गिऱ्हाईक आलं, भिंगारहून. आठ वर्षांच्या मुलीसाठी, शाळेच्या डब्याला. ताईंनी दुसरी परात घेतली नाही, तीच वापरतात. ‘दोघींचं सोवळं एकच ना?’

ऑफिसमध्ये वजनासाठी गहू सोडलेली मंडळी हल्ली बरीच भेटतात. सोडा, हरकत नाही. फक्त पोट सारखं बिघडत असेल, रक्त वाढत नसेल, तर आधी टेस्ट करा आणि मग गहू सोडा. आधीच सोडलात तर आतडं भरून येतं, रक्तातल्या खुणा पुसल्या जातात आणि टेस्ट खोटी नॉर्मल येते. आणि घरात एकाला सिलिअ‍ॅक असेल तर सख्ख्या भावंडांना, मुलांना तो असण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते, कुठलाही त्रास जाणवत नसला तरी.

माझ्या धाकट्या भावानं दोन वर्षं टाळाटाळ केली. नागापूर एमआयडीसीत शिफ्ट, वेळ नाही, मला काय झालंय, वगैरे. मागच्या आठवड्यात रक्तदान शिबिरात त्याला हिमोग्लोबिन कमी म्हणून परत पाठवलं. येत्या मंगळवारी त्याची टेस्ट आहे. तोपर्यंत गहू बंद करायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. म्हणून सध्या त्याच्या ताटात रोज तीन पोळ्या पडतायत की नाही हे बघायचं काम माझ्याकडे आहे.