मोत्याचा पाय

गळिताचे दिवस होते. आमच्या गावाबाहेरच्या गुऱ्हाळावर चुलवाण पेटले होते. काहिलीत रस उकळत होता. कोल्हापूरकडच्या गावांत थंडीच्या दिवसांत ही धांदल नेहमीचीच. त्या धांदलीत गाडीवरून उसाची मोळी घसरली आणि मोत्याच्या पायावर पडली.

मोत्या म्हणजे गुऱ्हाळावरचे तीन महिन्यांचे कुत्र्याचे पिल्लू. ते केकाटत चिपाडांच्या ढिगामागे जाऊन बसले. पुढचा डावा पाय लोंबत होता.

"गेला पाय. आता हे कशाचं चालतंय! सोडा तिकडं ओढ्याला," एकजण म्हणाला.

"सोडायचं कसं? राखणीला म्हणून आपणच आणलंय न्हवं त्याला?" गुळव्या म्हणाला.

मग आम्ही आमच्या परीने उपाय केला. बांबूच्या कामट्या लावल्या. वरून सुतळीने करकचून बांधले. संध्याकाळी पाहतो तर पंजा सुजून टम्म झालेला! हाताला गार लागत होता. आम्ही घाबरलो. पिल्लाला सुपात घातले आणि जनावरांच्या डॉक्टरांकडे नेले.

डॉक्टरांनी पहिल्यांदा सुतळी कापली. ते म्हणाले, "मोडलेलं हाड जुळतं. पण रक्त अडलं तर पाय सडतो. रात्रभर असंच राहिलं असतं, तर पंजा गेला असता."

आम्ही चुकलो होतो. तुम्ही चुकू नये, म्हणून हे सांगतो.

हाड कसे जुळते?

आंब्याचे कलम तुम्ही पाहिले असेल. दोन काड्या एकमेकींना लावून बांधतात. त्या जागी हिसका बसला, तर कलम धरत नाही. रोज सोडून पाहिले, तरी धरत नाही.

हाडाचेही तसेच आहे. हाड मोडले की तिथे रक्त साकळते. काही दिवसांनी त्या जागी कानाच्या वरच्या भागासारखा लवचीक सांधा तयार होतो. पुढे तो हळूहळू टणक होतो. हे काम शरीर आपले आपण करते. डॉक्टर हाड सरळ लावून देतात. ते हलू न देणे हे आपले काम.

हाड कुठे मोडले, हे वरून दिसत नाही. त्यासाठी एक्स-रे फोटो काढतात. ही किरणे १८९५ साली जर्मनीत रॉन्टगेन या शास्त्रज्ञाने शोधली. फोटो पाहून डॉक्टर ठरवतात. कुणाला प्लॅस्टर पुरते, तर कुणाला हाडात सळई घालावी लागते.

लहान पिल्लाचे हाड लवकर जुळते. साधारण तीन ते सहा आठवडे लागतात. मोठ्या कुत्र्याला त्याहून जास्त दिवस लागतात.

दवाखान्यात नेताना

पाय ओढू नका. चोळू नका. तेल लावू नका, शेकू नका. जखम असेल तर स्वच्छ फडके टाका. पिल्लाला फळीवर किंवा सुपात ठेवून न्या.

दुखत असले की आपले कुत्रेही आपल्याला चावते. चावले किंवा ओरबाडले, तर ती जागा साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा. मग लगेच सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्या. घरचेच कुत्रे आहे म्हणून हयगय करू नका. पिसाळ रोगाला लस हाच आधार आहे. एकदा रोग अंगात उमटला, की माणूस सहसा वाचत नाही.

प्लॅस्टर घातल्यावर

आम्ही मोत्याला कोंबड्या झाकायच्या डालग्याखाली ठेवले. खाली पोते अंथरले. पोरांना सांगितले, "त्याला खेळवू नका." चार-सहा दिवसांत पिल्लाला बरे वाटते. ते उड्या मारू लागते. खरा धोका तेव्हाच असतो. दुखणे थांबले, पण हाड जुळलेले नसते. बाहेर नेताना गळ्यात दोरी बांधा. शी-शू झाली की परत आणा.

प्लॅस्टर कोरडे ठेवा. दव किंवा चिखल असेल, तर बाहेर नेताना वर प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळा. घरात आल्याबरोबर ती काढा.

रोज दोनदा बोटे पाहा. बोटे फाकलेली, सुजलेली किंवा गार वाटली, प्लॅस्टरला घाण वास आला, ते ओले झाले, घसरले, किंवा पिल्लू ते सारखे चावू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. आणि असे काही झाले नाही, तरीही सांगितलेल्या दिवशी जाच. पिल्लू वाढत असते. प्लॅस्टर वाढत नाही. मागच्या आठवड्यात नीट बसलेले प्लॅस्टर या आठवड्यात आवळते.

खाणे आणि औषध

भाकरी-दूध, उकडलेले अंडे, बिनमसाल्याचे शिजवलेले मटण द्या. एकदम पोटभर न घालता थोडे थोडे द्या. तांबडा रस्सा आपल्यासाठी. कांदा, लसूण, चटणी त्याला नको. कांदा-लसणाने कुत्र्याचे रक्त बिघडते. शिजवलेली हाडेही घालू नका. ती फुटून घशात किंवा आतड्यात रुततात.

आपल्या डोकेदुखीची गोळी त्याला कधीही देऊ नका. माणसाला उतार पडणाऱ्या गोळीने कुत्र्याचे काळीज आणि मूत्रपिंड बिघडते. जीवही जातो. हाड जुळावे म्हणून चुन्याच्या गोळ्याही मनाने देऊ नका. वाढत्या हाडाला जास्त चुना बाधतो.

प्लॅस्टर काढल्यावर

मोत्याचे प्लॅस्टर काढले, तेव्हा पाय काडीसारखा झाला होता. आम्हाला वाटले, पाय वाळला. डॉक्टर हसले. "काम नव्हतं म्हणून बारीक झालाय. भरंल." मग रोज पाच मिनिटे मातीवर चालवले. पुढे हळूहळू वेळ वाढवला. गुळगुळीत फरशीवर आणि पायऱ्यांवर मात्र सोडले नाही.

सगळेच पाय वाचतात असे नाही. कधी पाय काढावाही लागतो. पण तीन पायांचे कुत्रेही चालते, पळते, राखण करते. आपण पाळलेले जनावर उपाशी मरायला सोडून देणे हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. आणि कायदा नसता, तरी ज्याला आपण घरी आणले, त्याला अडचणीत टाकून द्यायचे का?

पुढच्या गळिताला मोत्या गुऱ्हाळावर राखणीला होता. "ओढ्याला सोडा" म्हणणारा गडीच त्याला भाकरी घालत होता.

लक्षात ठेवा :
१. करकचून बांधू नका.
२. बोटे रोज पाहा.
३. माणसाची गोळी देऊ नका.
४. पिल्लू उड्या मारू लागले, तरी हाड जुळले असे समजू नका.