72 इंची आरसा आणि तीन कोटी प्रकाशवर्षं

आयर्लंडच्या जवळजवळ मध्यभागी, ऑफली परगण्यात, बर्र नावाचं गाव आहे. वस्ती पाचेक हजारांची. रुंद रस्ते, अठराव्या-एकोणिसाव्या शतकातली देखणी घरं, आणि 1620 पासून पार्सन्स घराण्याकडे असलेला किल्ला. या किल्ल्याच्या बागेत 1845 साली 72 इंच व्यासाच्या आरशाची दुर्बीण उभी राहिली, आणि पुढची तब्बल 72 वर्षं, म्हणजे 1917 पर्यंत, याहून मोठा आरसा जगात कुठल्याही दुर्बिणीत बसला नाही. आज दुर्बीण दुरुस्त होऊन जागेवर उभी आहे. खाली उभं राहून मान वर केली की तिचा आकार अंगावर येतो. लाकडी नळी साधारण 17 मीटर लांब, आणि तिला दोन्ही बाजूंनी पेलणाऱ्या दगडी भिंती पाच मजली इमारतीच्या उंचीच्या.

ही दुर्बीण बांधणारे विल्यम पार्सन्स, म्हणजे तिसरे अर्ल ऑफ रॉस, यांच्यासमोर कुणाचा कित्ता नव्हता. काचेवर चांदीचा थर देऊन दुर्बिणीचे आरसे करायची रीत तेव्हा यायची होती. आरसा करायचा तर धातूचाच. दोन भाग तांबं, एक भाग कथील. ही मिश्रधातू आरशासारखी लखलखते, पण इतकी ठिसूळ की थंड होताना जरा घाई झाली तरी तडकते. भट्ट्यांना इंधन कुठलं? आसपासच्या दलदलीतून कापून वाळवलेलं पीट. तीन मोठ्या मुशींमधला रस साच्यात ओतला जाई. साच्याचा तळ रॉस यांनी लोखंडी पट्ट्या कडेवर उभ्या करून, एकमेकींना घट्ट भिडवून केला होता. पट्ट्यांमधल्या फटींतून वायू निसटत, धातूचा रस मात्र गळत नसे. मला या साऱ्या खटाटोपातली सर्वांत मोठी बुद्धी इथेच दिसते. मग तो तीनेक टनांचा गोळा भट्टीत 16 आठवडे हळूहळू निवत ठेवायचा आणि नंतर वाफेच्या इंजिनावर चालणाऱ्या यंत्राने घासायचा. अशा आरशाच्या वक्रतेत मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढी चूकसुद्धा महागात पडते. पाच वेळा ओतकाम केल्यावर दोन आरसे कामाचे निघाले. दोनाची गरजही होती, कारण धातू लवकर काळवंडे. एकाला नव्याने झिलई होईपर्यंत दुसरा नळीत बसवत. हे सगळं करणारे कारागीर गावातलेच, रॉस यांनी हाताखाली शिकवून तयार केलेले.

आता हिशेब पाहा. अंधाराला सरावलेल्या डोळ्याची बाहुली फार तर 7 मिलिमीटर उघडते. 1830 मिलिमीटरचा आरसा तिच्या सुमारे 68,000 पट प्रकाश गोळा करतो. धातूचा आरसा आणि त्यापुढचा छोटा आरसा मिळून त्यातला निम्म्याहून जास्त प्रकाश गिळतात, तरी डोळ्याला तिसेक हजार पट उजेड मिळतो.

1845 च्या वसंतात एम 51 नावाच्या अंधुक ठिपक्याकडे ही नळी वळली आणि रॉस यांना त्यात भोवऱ्यासारखे वळसे दिसले. कॅमेरा नव्हता. जे दिसलं ते त्यांनी हाताने रेखाटलं. सर्पिल आकाराची दीर्घिका माणसाने ओळखली ती ही पहिली. ती आपल्या आकाशगंगेच्या बाहेरची आहे हे कळायला मात्र 1920 चं दशक उजाडावं लागलं. आजच्या मोजमापांनुसार ती अडीच ते तीन कोटी प्रकाशवर्षं दूर आहे. किलोमीटरमध्ये लिहायचं तर 26 वर 19 शून्यं. रॉस यांच्या डोळ्यात शिरलेला तो उजेड निघाला तेव्हा पृथ्वीवर माणूस नव्हता, पण आपल्या सह्याद्रीचा लाव्हा थिजून साडेतीन कोटी वर्षं उलटून गेली होती.

1845 च्याच शरदात आयर्लंडमध्ये बटाट्यावर करपा पडला आणि दुष्काळ सुरू झाला. 1841 च्या खानेसुमारीत आयर्लंडची लोकसंख्या 81 लाख 75 हजार होती. 1851 मध्ये ती 65 लाख 52 हजारांवर आली. सुमारे दहा लाख माणसं भुकेने आणि रोगराईने गेली, तितकीच देश सोडून गेली. वेध बाजूला पडले आणि रॉस दुष्काळाच्या कामाला लागले. बर्रच्या गोष्टीतले हे आकडे दीर्घिकेच्या आकड्यांपेक्षा लहान, पण मला तरी ते जास्त जड वाटतात.

रॉस यांच्या पत्नी मेरी यांच्या माहेरच्या संपत्तीचाही या प्रयोगांना मोठा आधार होता. त्या स्वतः निष्णात छायाचित्रकार होत्या. त्यांनी टिपलेली दुर्बिणीची छायाचित्रं होती म्हणून तर विसाव्या शतकाच्या अखेरीस ती पुन्हा उभी करता आली. धाकटा मुलगा चार्ल्स याने 1884 मध्ये वाफेचं टर्बाइन बनवलं. जगातली बरीचशी वीज आजही वाफेच्या टर्बाइनमधूनच येते. हे टर्बाइन बसवलेलं त्याचं ‘टर्बिनिया’ जहाज 1897 मध्ये ताशी 34 सागरी मैलांनी धावलं.

आणखी एक नोंद याच गावाच्या रस्त्यावरची. 31 ऑगस्ट 1869 रोजी रॉस घराण्याच्या नात्यातल्या मेरी वॉर्ड वाफेच्या गाडीतून फेकल्या गेल्या आणि चाकाखाली सापडल्या. सूक्ष्मदर्शकावर पुस्तकं लिहिणारी, त्यातली चित्रं स्वतः काढणारी ही बाई 42 वर्षांची होती. मोटारगाडीखाली गेलेला जगातला पहिला बळी म्हणून त्यांचं नाव घेतात. आज जगभरात दर वर्षी जवळपास 12 लाख माणसं रस्त्यावर मरतात.

किल्ल्याच्या आवारात 2017 पासून रेडिओ अँटेनांचं एक शेत आहे: कमी वारंवारितेच्या 96 अँटेना आणि जास्त वारंवारितेच्या अँटेनांच्या 96 पेट्या. युरोपभर पसरलेल्या ‘लोफार’ जाळ्याचं हे आयर्लंडमधलं केंद्र. इथले संकेत प्रकाशतंतूंतून नेदरलँड्सला जातात, तिथे इतर केंद्रांच्या संकेतांशी जुळवले जातात. हे जाळं पोलंडपर्यंत पोचतं, टोकापासून टोकापर्यंत जवळपास 2,000 किलोमीटर. रॉस यांच्या आरशाच्या व्यासाच्या हे अंतर दहा लाख पटींहून जास्त भरतं. ढगाळ आयर्लंडमध्ये रॉस यांना आभाळ मोकळं होण्याची वाट पाहत रात्री काढाव्या लागत. या अँटेनांना ढगांची अडचण नाही, त्या भर दिवसा, भर पावसातही ऐकत राहतात.